लिंबू-टिंबू कोणी नको: लहान-मोठ्यांनी मिळून खेळायचे पटखेळ कसे निवडावेत

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. घर फोंड्याचं. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा नऊचा. त्यांचे बाबा कॉलेजात असताना बुद्धिबळ खेळलेले, आजोबा पत्त्यांत पक्के. चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मूळ घरी सगळे जमतात, बाहेर पाऊस, मोबाइल बाजूला ठेवायचे असं दरवर्षी ठरतं. पण लुडोचा मोठ्यांना कंटाळा येतो, 'व्यापार' कधी पुरा होत नाही, बुद्धिबळात मुलगा हरला की रडतो आणि मुलगी पट उधळते. डोकं लागेल आणि तरी चौघांनाही मजा येईल असे दोन-तीन खेळ सुचवा, असं तुम्ही विचारलंय.

सुचवते. पणजीत मी पालक आणि मुलांचे एकत्र खेळवर्ग घेते, तिथेही पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो. खेळांची नावं खाली येतीलच, पण त्याआधी माझी कसोटी सांगते, कारण ती हाती असली की पुढचे खेळ तुमचे तुम्हालाच निवडता येतील. मोठ्या माणसाला त्या खेळात जीव तोडून खेळता आलं पाहिजे आणि तरीही लहानाला जिंकायची खरी संधी राहिली पाहिजे. ज्या खेळात बाबांना मुद्दाम हरावं लागतं, तो खेळ घरात टिकत नाही. बाबा कंटाळतात आणि मुलांना ते कळतं. साडेपाच वर्षांच्या पोरीलाही बरोब्बर समजतं की आपल्याला लिंबू-टिंबू म्हणून घेतलंय, आपल्या खेळीने कुणाचं काही बिघडत नाही. पट उधळला जातो तो पुष्कळदा याच रागाने.

या कसोटीवर तुमचे तिन्ही खेळ लावून बघा. लुडोत संधी सगळ्यांना सारखी, पण ठरवायचं फार थोडं: दान पडलं की चारांतली कुठली सोंगटी हलवायची, एवढंच. सापशिडीत तर तेवढंही नाही. 'व्यापारा'त निर्णय आहेत, पण ज्याचं दिवाळं निघालं तो बाहेर बसतो, आणि उरलेले पुढे तासभर भाडी वसूल करत राहतात. बाहेर बसणारा बहुधा घरातला सगळ्यात धाकटा. बुद्धिबळाचं दुखणं अगदी उलटं. तिथे नशिबाला जागाच नाही, जो जास्त खेळलाय तो जिंकणार. गोव्यात बुद्धिबळाचं वातावरण चांगलं आहे. अनुराग म्हामल आणि लिऑन मेंडोंसा हे ग्रँडमास्टर इथलेच, भक्ती कुलकर्णींना अर्जुन पुरस्कार मिळालाय, २०२५ चा फिडे विश्वचषकही गोव्यातच झाला. त्यामुळे मुलाला बुद्धिबळ शिकवायचंच असेल तर जरूर शिकवा, पण बरोबरीच्या मुलांत, वर्गात. बाबांशी रोज हरणं म्हणजे शिकणं नव्हे. घरी खेळायचंच तर प्याद्यांची लढाई खेळा: दोन्ही बाजूंना फक्त आठ-आठ प्यादी आणि राजा, ज्याचं प्यादं आधी पलीकडच्या टोकाला पोचेल तो जिंकला. बाबांनी दोन प्यादी आधीच काढून ठेवायची. पाच मिनिटांचा डाव होतो आणि तो चुरशीचा होतो.

आता नवा खेळ घेताना मी काय बघते ते सांगते.

सगळ्यात आधी नशीब कुठे आहे ते बघते. नशीब असावंच, त्याशिवाय नऊ वर्षांचा आणि चाळिशीचा एका पातळीवर येत नाहीत. पण नशीब निर्णयाच्या आधी यावं, नंतर येऊ नये. म्हणजे पत्ते किंवा तुकडे उघडे पडले, समोर काय आलं ते दिसलं, मग मी त्यातून निवड केली, तर ती निवड माझी. याउलट मी विचार करून खेळी केली आणि मग फाशाने ती मोडली, तर लहान मुलाला त्यात फसवल्यासारखं वाटतं. फाशांवर लढाई ठरते असे कितीतरी खेळ दुकानात 'स्ट्रॅटेजी' म्हणून विकले जातात. ते पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी नकोत.

दुसरं, एका खेपेला समोर पर्याय किती? तीन-चार असतील तर लहान मूल खरोखर विचार करून निवडतं. पंधरा असले की ते रंग आवडला म्हणून काहीतरी उचलतं, नाहीतर आईकडे बघतं. तिसरं, आपली पाळी यायला किती वेळ लागतो. चार मोठी माणसं डोकं धरून बसली की पोरगी खुर्चीखाली गेलीच म्हणून समजा. डाव अर्ध्या तासाच्या आत संपावा, म्हणजे हरणाऱ्याला "अजून एक" म्हणता येतं. 'अजून एक' हेच हरण्यावरचं उत्तम औषध आहे.

आणि वाचन. ही गोष्ट आपल्याकडे फारच महत्त्वाची, कारण बहुतेक चांगले खेळ बाहेरचे आणि त्यांचे पत्ते इंग्रजीत. मराठी किंवा कोंकणी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला पत्त्यावरची इंग्रजी ओळ वाचायला वेळ लागतो, तेवढ्यात मोठं भावंड वाचून दाखवतं आणि गुपित फुटतं. आजोबांनाही ती बारीक अक्षरं लागत नाहीत. म्हणून ज्याच्या पटावर आणि तुकड्यांवर अक्षरच नाही असा खेळ निवडा. नियम एकदा तुम्ही वाचून आपल्या भाषेत सांगितले की पुढे कुणाचं अडत नाही.

खोक्यावरच्या वयाच्या आकड्याला मात्र मी फार मानत नाही. अमेरिकेत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंना सुरक्षिततेची वेगळी चाचणी लागते. तो खर्च टाळायला काही प्रकाशक सरळ '१४+' छापतात, खेळ सोपा असला तरी. त्यापेक्षा खोक्यावर छोट्या प्याद्याची खूण आहे का ते बघा. जर्मनीत १९७९ पासून 'श्पील देस यारेस', म्हणजे वर्षातला सर्वोत्तम खेळ, असा पुरस्कार दिला जातो, त्याची खूण लाल प्यादं. लाल प्यादं म्हणजे कुटुंबाने मिळून खेळायचा खेळ. निळं प्यादं मुलांच्या खेळांसाठी, ते २००१ पासून. काळपट-करडं प्यादं २०११ पासून, ते सरावलेल्या खेळाडूंसाठी. तुम्हाला हवं ते लाल. निळ्यातले बरेचसे खेळ मोठ्यांना तीन डावांत पुरे होतात.

आता नावं.

तुमच्या घरासाठी पहिला क्रमांक मी 'किंगडोमिनो'ला देते. ब्रुनो कॅथाला यांचा खेळ, २०१६ चा, २०१७ चं लाल प्यादं त्यालाच मिळालं. खोक्यावर आठ वर्षं लिहिलंय, पण सोबत मोठं माणूस असेल तर साडेपाचला चालतो. दोन ते चार जण, पंधरा-वीस मिनिटं, आणि कुठेही अक्षर नाही.

तो कसा चालतो ते जरा सविस्तर सांगते, म्हणजे वरची कसोटी कशी लागू पडते ते दिसेल. एकूण ४८ डोमिनो, म्हणजे दोन-दोन घरांचे लांबट तुकडे. प्रत्येकाच्या दोन अर्ध्यांवर जमिनीचे प्रकार: जंगल, पाणी, शेत, कुरण, दलदल, खाण. काहींवर छोटे मुकुट. पाठीवर १ ते ४८ आकडे, आणि आकडा मोठा म्हणजे साधारणपणे तुकडा किमती. दर फेरीत चार डोमिनो काढायचे, आकड्यांच्या क्रमाने ओळीत लावायचे आणि उलटायचे. मग एकेकाने आपला राजा एकेका डोमिनोवर ठेवायचा. गंमत पुढे आहे. ज्याने मोठ्या आकड्याचा, मुकुटवाला तुकडा उचलला त्याला पुढच्या फेरीत शेवटी निवडायला मिळतं. ज्याने साधा तुकडा घेतला तो पुढच्या वेळी पहिला. म्हणजे लोभाची किंमत खेळच वसूल करतो, त्यासाठी आईला मध्ये पडून "दादा, आता तिला घेऊ दे" म्हणावं लागत नाही. आपल्या किल्ल्याभोवती पाच बाय पाच घरांचं राज्य उभं करायचं, आणि शेवटी प्रत्येक प्रदेशाची घरं गुणिले त्यातले मुकुट एवढे गुण. सहा घरांचं जंगल आणि मुकुट एकही नाही, तर गुण शून्य. तीन घरांची खाण आणि तीन मुकुट, तर नऊ.

तुमची मुलगी काय करेल ते मी आत्ताच सांगते: ती निळं निळं गोळा करेल. वर्गात या वयाची मुलं हेच करतात, मोठं तळं सगळ्यांना हवं असतं. करू द्या. आठ घरांच्या तळ्यात दोन मुकुट आले की सोळा गुण झाले, आणि तोवर बाबांनी सगळ्या प्रकारांत थोडी थोडी गुंतवणूक करून ठेवलेली असते. तिचा हट्ट हा खरोखरच बरा डावपेच आहे. गुणाकार येत नसेल तर मोजताना प्रत्येक मुकुटासाठी त्या प्रदेशाच्या प्रत्येक घरावर एक-एक चिंचोका ठेवायचा आणि मग सगळे मोजायचे. नऊ वर्षांच्या दादाला मोजणीचं काम द्या. त्याचे पाढे होतील, वेगळे म्हणवून घ्यावे लागणार नाहीत. घरात फक्त दोघंच असतील तेव्हा सगळे ४८ तुकडे वापरून सात बाय सातचं राज्यही करता येतं. बाबा आणि मुलगा यांच्यासाठी तो डाव जास्त रंगतो.

मुलगी सोडून सगळे खेळतील आणि ती नुसती बघेल अशी वेळ आली, तर 'ड्रॅगोमिनो' नावाचं त्याचंच धाकटं भावंड आहे. त्याला २०२१ चं निळं प्यादं मिळालं. पण चौघांसाठी मी मोठाच घेईन.

दुसरा खेळ 'ब्लोकस'. हा आपल्याकडे खेळण्यांच्या मोठ्या दुकानांत सहज मिळतो आणि आयात खेळांपेक्षा स्वस्त पडतो. वीस बाय वीस घरांचा पट, चार रंग, प्रत्येक रंगाचे २१ तुकडे. नियम एका श्वासात सांगून होतो: पहिला तुकडा आपल्या कोपऱ्यात, पुढचा प्रत्येक तुकडा आपल्याच रंगाला फक्त कोपऱ्याने शिवला पाहिजे, कडेने नाही. शेवटी ज्याची कमी घरं उरली तो जिंकला. बुद्धिबळवाल्या बाबांना हा आवडेल, कारण यात नशीब अजिबात नाही, फक्त जागा आणि वाट. पण नशीब नाही म्हणजे मग वर बुद्धिबळाबद्दल लिहिलेलं दुखणं इथेही आलं की. इथे त्याला उतारा आहे. मोठ्यांनी डाव सुरू व्हायच्या आधी आपले एका घराचा, दोन घरांचा आणि तीन घरांचे दोन्ही, असे चार लहान तुकडे काढून खोक्यात परत ठेवायचे. शेवटी पट भरत आला की हेच बारके तुकडे फटीत घुसवून माणूस जिंकतो. ते नसले की बाबांना सुरुवातीपासून खरी काळजी करावी लागते. हे मुलांसमोर उघडपणे करायचं, गुपचूप नाही. कॅरममध्ये कच्च्या खेळाडूला दोन सोंगट्या आधी देतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही, तसंच हे. मुलगा दोनदा जिंकला की एक तुकडा बाबांना परत. बाबांकडे किती तुकडे परत आले यावरून आपण किती सुधारलो हे त्याला स्वतःलाच दिसतं.

साडेपाच वर्षांची मुलगी ब्लोकस खेळेल का? खेळेल, पण जिंकण्यासाठी नाही. कोपरा सापडल्याच्या आनंदासाठी. चार रंग हवेतच, म्हणून तिला एक रंग द्या आणि तिच्या खेळी कुणी सुधारायच्या नाहीत.

तिसरा खेळ मी सगळ्यांनी मिळून खेळायचा सुचवते. म्हणजे माणसं एका बाजूला आणि खेळ दुसऱ्या बाजूला. जिंकले तर सगळे, हरले तर सगळे. मुलगा हरल्यावर रडतो म्हणालात, त्याच्यासाठी हे गरजेचं आहे. हरण्याची सवय घोळक्यात लवकर होते. मुलीच्या वयाला 'हूट आऊल हूट': सूर्य उगवायच्या आत सगळी घुबडं घरट्यात पोचवायची, रंगांचे पत्ते, सगळे पत्ते उघडे. मोठ्यांना तो फार दिवस पुरत नाही, हे मान्य. त्यामुळे एकच घ्यायचा तर 'फॉरबिडन आयलंड' घ्या. मॅट लीकॉक यांचा, २०१० चा. चोवीस तुकड्यांचं बेट एकेक करून बुडत जातं, आणि ते पूर्ण बुडायच्या आत चार खजिने घेऊन हेलिकॉप्टरने निसटायचं. एका खेपेला तीन कृती: चालणं, बुडू लागलेली जागा सावरणं, पत्ता देणं, खजिना उचलणं यांपैकी. पावसाळ्यात गोव्यात पुराच्या पाण्याचा खेळ समजावून सांगावा लागत नाही. खोक्यावर दहा वर्षं लिहिलंय. नऊवाल्याला पूर्ण झेपेल, मुलीने कुणाच्या तरी जोडीने खेळावं. पत्त्यांवर थोडं इंग्रजी आहे, पण चित्रं इतकी स्पष्ट आहेत की दुसऱ्या डावाला वाचावं लागत नाही.

या खेळांत धोका एकच, आणि तो मोठ्यांकडून. बाबा सगळ्यांच्या खेळी सांगू लागतात. "तू तिकडे जा, तू हे दे," आणि बाकीचे हातांनी तुकडे हलवणारे नोकर. आमच्या वर्गात नियम असा की विचारल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही, आणि विचारलं तरी एकच पर्याय सांगायचा नाही, निदान दोन सांगायचे. मुलाला निवड करू द्या. बेट बुडालं तर बुडालं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. 'क्वर्कल' (२०११ चं लाल प्यादं) लाकडी तुकड्यांचा आहे, १०८ तुकडे, सहा रंग, सहा आकार. सहा वर्षांपासून उत्तम, आजी-आजोबांना फार आवडतो. पण त्यातला लाल आणि नारंगी पिवळ्या दिव्याखाली ओळखू येत नाही, चवथीच्या संध्याकाळी वीज गेली तर भांडण ठरलेलं. 'कार्कासोन' (२००१ चं लाल प्यादं) ७२ तुकडे जोडत रस्ते, शहरं बांधत जाण्याचा. घेतलात तर शेतकऱ्यांचा नियम (शेतात माणूस ठेवून शेवटी त्याचे गुण मोजायचा) पहिले काही महिने गाळा, तो मोठ्यांनाही नीट मोजता येत नाही. 'टिकट टू राइड'ची मुलांसाठी सोपी केलेली 'फर्स्ट जर्नी' आवृत्ती सहा वर्षांपासून चालते, तिकिटं पुरी करायची शर्यत, गुणांची बेरीज नाही. आगगाड्यांचं वेड असलेलं मूल घरात असेल तर मी दुसरं काही सुचवणारच नाही. 'कटान' १९९५ पासून जगभर गाजतोय आणि मोठ्यांना हमखास आवडतो, पण तुमच्या घरात आत्ता नको: तीन-चार जण हवेत, तासाच्या वर वेळ जातो, आणि सात पडला की चोर येऊन आपलं पीक अडवतो, ते साडेपाचला सहन होणार नाही. मुलगी सात-आठची झाली की बघा.

'अझुल'बद्दल मात्र दोन ओळी जास्त लिहिते, कारण गोव्यात त्याची मजा वेगळी आहे. मायकेल कीसलिंग यांचा हा २०१७ चा खेळ, २०१८ चं लाल प्यादं. पोर्तुगीज 'अझुलेजो' फरशांनी राजवाड्याची भिंत सजवायची, असा विषय. पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वाराशी भिंतीवर ज्या निळ्या चित्रफरशा आहेत त्या याच जातीच्या, आणि फोंतेन्यसमध्ये घरांच्या नावांच्या पाट्याही. मुलांना आधी त्या दाखवून आणा आणि मग खेळ उघडा. तुकडे गुळगुळीत, हाताळायला सुंदर. तुकडे छोट्या गोल थाळ्यांवर मांडलेले असतात, एका थाळीतून एका रंगाचे सगळे उचलायचे, उरलेले मधोमध सरकवायचे. जास्तीचे आले आणि जागा नसली की ते जमिनीवर 'फुटतात' आणि गुण वजा होतात: एक, एक, मग दोन-दोन, शेवटी तीनही. दुसऱ्याच्या गळ्यात नको असलेले तुकडे मारण्याची पाळी इथे वारंवार येते. नऊ वर्षांच्या मुलाला त्यातच मजा वाटेल. साडेपाचच्या मुलीला तिचे तुकडे फुटलेले बघवणार नाहीत. तेव्हा हा पुढच्या वर्षीचा खेळ, किंवा मुलगी झोपल्यावर तुम्हा तिघांचा.

आणि पैसे न घालता मिळणारा खेळ विसरू नका: वाघ-बकरी. पाच बाय पाच ठिपके, आडव्या-उभ्या-तिरक्या रेघा, चार कोपऱ्यांत चार वाघ, वीस बकऱ्या एकेक करून पटावर आणायच्या. वाघ उडी मारून बकरी खातो, पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला. बकऱ्यांनी वाघांना हलायला जागाच ठेवली नाही तर बकऱ्या जिंकल्या. मूळ घराच्या राजांगणात किंवा सोप्यावर खडूने पट आखा. बकऱ्यांना चिंचोके, वाघांना काजूच्या बिया. (सगळं तोंडात घालणारं बाळ जवळपास असेल तर बियांऐवजी खडे घ्या, काजूच्या टरफलातल्या तेलाने तोंड-ओठ भाजतात.) दोन्ही बाजूंचं काम वेगळं असल्यामुळे हा खेळ लहान-मोठ्यांना फार छान जमतो. वाघाचं काम सोपं: उडी शोधायची. ते मुलांना द्या. बकऱ्यांना एकमेकींच्या पाठीशी उभं राहावं लागतं, पुढची उडी आधी ओळखावी लागते, ते काम बाबांना. बाबा पूर्ण ताकदीने खेळले तरी एक चूक झाली की बकरी गेली. मुलगा तयार झाला की बाजू बदला. नवकंकरीही अशीच खडूने आखता येते, प्रत्येकी नऊ खडे, तीन एका रेषेत आले की समोरच्याचा एक काढायचा. ती मुलाला आत्ताच जमेल, मुलीला एखाद-दोन वर्षांनी.

चवथीला पंधरा माणसं जमतील तेव्हा काय, हाही प्रश्न तुमच्या मनात असणार. वरचे खेळ बहुतेक चौघांचे. पाच-सहा जण गोळा झाले की एक लहान, एक मोठा अशा जोड्या करा. शेवटचा निर्णय लहानाचा, मोठ्याने फक्त कानात बोलायचं. त्याहून जास्त असतील तर सरळ दोन पट मांडा. आणि आजोबांना विसरू नका. मेंढीकोट हा चौघांचा, जोडीदार धरून खेळायचा, कोणाकडे कुठली दश्शी आहे याचा अंदाज बांधायला लावणारा खेळ आहे. नऊ वर्षांच्या मुलाला आजोबांचा जोडीदार करून बसवा. पत्ते हातात धरता येत नसतील तर जाड पुस्तकाच्या पानांमध्ये उभे खोचून ठेवले की झालं.

शिकवण्याची पद्धतही महत्त्वाची. नियमांची वही उघडून पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केलीत तर चवथ संपेल. आदल्या रात्री मोठ्यांपैकी एकाने खेळून बघायचं. मुलांना फक्त दोन गोष्टी सांगायच्या: जिंकतो कोण, आणि आपली पाळी आली की करायचं काय. बाकीचं जसं समोर येईल तसं. पहिला डाव सरावाचा, त्यात सगळ्यांचे पत्ते-तुकडे उघडे. खेळी मागे घ्यायची मुभा मी पुढच्या माणसाने तुकड्याला हात लावेपर्यंत देते, मोठ्यांनाही. त्यामुळे "रडीचा डाव खडी" चिडवायची वेळ कमी येते. मुलगी आठ मिनिटांत उठून गेली तर तिचा तुकडा तसाच ठेवून तिच्या जागी कुणीतरी खेळायचं. ती परत येते, आणि आली की तिची जागा तिला.

शेवटी हवेबद्दल. जून ते सप्टेंबर आपल्याकडे पुठ्ठा फुगतो, पत्ते एकमेकांना चिकटतात, खोक्याला बुरशी येते. खोकी बाहेरच्या भिंतीला लागलेल्या कपाटात ठेवू नका. पत्ते आणि पुठ्ठ्याचे तुकडे चेन असलेल्या प्लास्टिक पिशव्यांत, आत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. रबरबँड लावू नका, तो पत्त्यांच्या कडा चावतो आणि दमट हवेत वितळून चिकटतो. दमट झालं म्हणून कडक उन्हातही टाकू नका, पुठ्ठा वाकडा होतो, पंख्याखाली पसरा. ब्लोकस प्लास्टिकचा, क्वर्कल लाकडाचा आणि अझुलचे तुकडे राळेचे, त्यांना पावसाची फिकीर नाही. आणि नेवऱ्यांचं ताट पटापासून दूर.

ऑनलाइन फार स्वस्तात दिसणारी आवृत्ती बघून घ्या. नकली प्रतींत पत्ते पातळ असतात आणि एकाच रंगाच्या दोन छटा येतात. किंगडोमिनोत पाठीवरचे आकडे नीट छापलेले नसले तर खेळच बसला.

तर तुमच्यासाठी: किंगडोमिनो आणि ब्लोकस आत्ता, फॉरबिडन आयलंड बजेट असेल तर, वाघ-बकरी फुकट. किंगडोमिनो आधी मागवा आणि तो आधी आजोबांना शिकवा. मुलांना शिकवायचं काम त्यांच्याकडे द्या. बाबांना पहिल्या दिवशी फक्त खेळायला बसवा.